अनुसयाबाईंचा स्लॅब

घर बांधायला निघालेला माणूस माझ्या ऑफिसात आला की खुर्चीत टेकायच्या आधी खिशातून मोबाईल काढतो. “मॅडम, असं पाहिजे.” अर्धं आयुष्य गोंदियात आर्किटेक्ट म्हणून काढलं, आणि मोबाईलमधली ही घरं बदलत गेलेली पाहिली. आधी पांढऱ्या गोल खांबांचे बंगले असायचे. मग काचा आल्या. मग करड्या रंगाचे ठोकळे. हल्ली कवेलूंची, म्हणजे कौलारू, घरं येतात. उतरतं छप्पर, पुढे छपरी म्हणजे पडवी, लाकडी खांब. “एकदम गाव का फील चाहिए मॅडम, लेकिन एसी सब रूम में.”

परवा एका जोडप्याने असाच फोटो पुढे केला. चष्मा लावून पाहते तर घर माझंच. म्हणजे मी आखलेलं. राहतात त्यात अनुसयाबाई. चोरखमारा तलावाच्या कालव्यालगत एक गाव आहे, तिथलं. जाता जाता कोणीतरी रस्त्यावरून फोटो काढला असावा आणि तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला होता. फोटो चांगला होता. फक्त त्या घरातली खरी गोष्ट त्यात नव्हती, कारण ती रस्त्यावरून दिसत नाही.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे रेघा मारणं. रेघा शेवटी येतात. आधी एकाच घरातली पाच माणसं पाच घरं मागत असतात, त्यांचं ऐकत बसावं लागतं. आजोबांना संडास घरात नको असतो, नातवंडांना प्रत्येक खोलीला एक हवा असतो. सगळ्यांचं ऐकून एक घर काढायचं, आणि ते ज्याला त्याला आपलंच वाटलं पाहिजे. नेहमी जमतं असं नाही. अर्जुनी मोरगावच्या एका व्यापाऱ्याला मी घराच्या मध्यभागी मोठ्या हौसेने अंगण दिलं होतं. वर मोकळं आभाळ, भोवती ओसरी. वर्षभराने गेले तर आभाळावर हिरवा पत्रा आणि अंगणात त्याची कार. “मॅडम, जगह बहुत मस्त निकाली आपने,” तो मनापासून म्हणाला. मी चहा पिऊन परत आले.

मिलिंद माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याही मोबाईलमध्ये कवेलू होते. तिरोड्याला कॉलेजात शिकवतो. बायको प्रज्ञा दवाखान्यात नर्स. दोघं तिथे भाड्याने राहत आणि त्याची आई, अनुसयाबाई, गावात दोन खोल्यांच्या टिनाच्या घरात एकटी. गावात जागा होती. तिथे नीट घर बांधायचं, नोकरीवर तिथूनच जायचं-यायचं आणि आईला आता एकटं ठेवायचं नाही, असा त्याचा बेत होता. जंगलाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये तो सुटीत राहून आला होता. मातीच्या रंगाच्या भिंती, वर कवेलू, जमीन शेणाने सारवलेली. ते त्याच्या डोक्यात बसलं होतं.

मला काय, आवडीचंच काम. आमच्या झाडीपट्टीतल्या जुन्या घरांवर माझा जीव आहे. पुढची छपरी खाली झुकलेली असते, त्यामुळे ऊन भिंतीला लागतच नाही. छपरी, मधलं घर, मागची ओसरी आणि त्यामागची सांदवाडी, म्हणजे परसाची जागा, हे सगळं एका ओळीत. पुढून शिरलेला वारा मागून निघून जातो. मे महिन्यात आमच्याकडे उंबरठ्याबाहेर पाय टाकवत नाही, तेव्हा या साध्या गोष्टींची किंमत कळते. मी उत्साहाने पुठ्ठ्याचं छोटं घर करून घेतलं आणि मिलिंद-प्रज्ञाबरोबर ते दाखवायला गावात गेले.

अनुसयाबाईंनी ते घर मांडीवर घेतलं. उंचीला लहान, काटक, कपाळावरचा घाम पुसायची कायमची सवय. सगळीकडून फिरवून पाहिलं आणि छपरावर बोट ठेवलं.

“हे काय हाय जी?”

“कवेलू, मावशी. देशी. जुन्या घरांचे काढलेले मिळतात, तेच वापरू.”

“अन स्लॅब कोठी हाय?”

“स्लॅब नाही. वर लाकडी फाटे आणि त्यावर कवेलू. उन्हाळ्यात थंड राहील.”

त्यांनी पुठ्ठ्याचं घर हळूच खाली ठेवलं आणि लेकाकडे पाहिलं. “मिलिंद, त्या जंगलातल्या हाटेलात तू पैसे देऊन कवेलूखाली झोपला. आमी जलमभर फुकट झोपलो. मले विचारलं असतं तं घरीच सांगतलं असतं ना, कसं वाटते तं.”

प्रज्ञाने पदर तोंडाला लावला. मिलिंद म्हणाला, “माय, हे वेगळं आहे. हे डिझाईन आहे.”

“वांदराले सांगजो डिझाईन आहे म्हनून. उड्या मारतेत अन कवेलू फुटतेत. दरसाल पावसाऱ्याच्या आधी वर चढा, फुटके काढा, फेरा. मी फेरली हाय. तुह्या बापाच्या अंगावर वरून विच्चू पडला होता तं गावभर बोंबलत फिरला होता, भुलला का? अन हे खाली काय लिवलं हाय, सारवन? सारवन कोन करन?”

मिलिंदने प्रज्ञाकडे पाहिलं.

“तुही बायको दवाखान्यातून येऊन करन? का तू करशीन?”

“मी नाही करणार,” प्रज्ञा लगेच म्हणाली. “मी आधीच सांगितलं होतं.”

अनुसयाबाई उठल्या. राग नव्हता. “बांधा तुमी, मस्त बांधा. राहा सुखानं. मी माह्या टिनातच बरी.”

परतीच्या वाटेवर मिलिंद म्हणत राहिला, “मॅडम, तुम्ही सुरू करा. उभं राहिलं की येईल ती.” मला ते पटेना. ज्या माणसासाठी घर, तोच येत नाही म्हणतो, तर खड्डे खणून करायचं काय? पण खरं सांगायचं तर मनातून मी त्यांच्यावरच चिडले होते. मला वाटलं, म्हातारीला जुन्याची किंमत नाही, शेजाऱ्याकडे आहे म्हणून स्लॅब पाहिजे.

काही दिवसांनी तिकडेच एका साइटवर काम निघालं, म्हणून एकटीच त्यांच्याकडे गेले. हिवाळ्यातली सकाळ होती. त्या दारात बसून लाखोरीची भाजी खुडत होत्या. मी समोर बसले आणि त्यांनी अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. थोड्या वेळाने त्यांनीच विषय काढला.

“तुमी गोंदियात कोनाकोनाची घरं बांधली जी?”

मी दोन-चार सांगितली. मुर्रीच्या वाटेवर एका डॉक्टरांचं घर आहे, माझं अगदी सुरुवातीचं काम, तेही सांगितलं.

“लाल गच्चीचं? मागं चिंचेचं झाड हाय तं?”

“तुम्ही पाहिलंय?”

“पाहिलं का म्हनता! त्याचा स्लॅब आमी टाकला ना. तुमी छत्री घेऊन उभ्या होत्या. लहान होत्या तवा. पोट्टीच दिसत.”

मला माझी छत्री आठवत होती. त्या मात्र आठवत नव्हत्या. स्लॅब टाकायला तेव्हा चाळीसेक बायामाणसं असायची, डोक्यावर घमेलं घेतलेली, सिमेंटने चेहरे एकसारखे झालेली.

नवरा गेल्यावर अनुसयाबाईंनी त्याच कामाच्या मजुरीवर लेकाला शिकवलं होतं. सकाळच्या गाडीने गोंदियाला जायचं, चौकात उभं राहायचं, ठेकेदार नेईल तिथे जायचं. गोंदियातल्या कितीतरी घरांवर त्यांनी घमेली वाहिली होती. त्या एकेक घर सांगू लागल्या, आणि मी ज्या रस्त्यांवरून रोज जाते ते सगळे मला वरच्या अंगाने, गच्च्यांवरून दिसायला लागले.

“स्लॅब पडला का वर मस्त वारा लागे,” त्या म्हणाल्या. “घडीभर उभी राहो मी. दूरदूर दिसे. मंग खाली उतराचं. दुसऱ्या दिवसापासून ज्याचं घर त्याचं घर. आमाले कोन वर जाऊ देते?” भाजी खुडणं सुरूच होतं. “एवढ्याईचे स्लॅब टाकले जी. आपला एक नाई.”

मी हातातली भाजी खुडून ढिगात टाकली. मग विचारलं, “आणि छपरी? तीही नको?”

“छपरी असू द्या. पर उंच नोको. मोठ्याईच्या छपऱ्या उंच रायत. ते वर बसत, आमी खाली आंगनात उभे राहून बोलत जाओ, असं मान वर करून. माह्या घरी कोनी मान वर करून बोलाले नाई पाहिजे.”

आर्किटेक्चरच्या कॉलेजात आम्हाला घराचं जोतं किती उंच असावं हे पाणी, ओल आणि साप यांच्या हिशेबाने शिकवतात. हा हिशेब मला कोणी शिकवला नव्हता.

त्या आठवड्यात मी जुना नकाशा बाजूला ठेवला आणि नवा काढला. काम करताना इतकी मजा मला फार दिवसांत आली नव्हती. घराचा आराखडा जुन्या घरासारखाच ठेवला. पुढे छपरी, मध्ये राहतं घर, मागे ओसरी आणि सांदवाडी. ओल येऊ नये म्हणून जोतं थोडं उंच ठेवावंच लागलं. पण छपरीला तिन्ही बाजूंनी रुंद पायऱ्या दिल्या, बसता येईल अशा. आलेला माणूस अंगणात उभा राहणारच नाही. पहिल्या पायरीवर टेकेल नाहीतर वर येऊन बसेल. जमिनीला सारवणाऐवजी कोटा फरशी. प्रज्ञासाठी ओटा खिडकीपाशी. समोरच्या बाजूला छप्पर उतरतंच ठेवलं, पण लाकडी फाट्यांऐवजी खाली उतरता स्लॅब घ्यायचा आणि त्यावर कवेलू पक्के बसवायचे. वांदरांनी वर कितीही उड्या मारल्या तरी खाली थेंब नाही आणि विंचूही नाही. आणि मधल्या घरावर, स्वयंपाकघरावर सपाट, मोठा, मोकळा स्लॅब. सांदवाडीतून वर जायला जिना. सपाट स्लॅब उन्हात तव्यासारखा तापतो, हे मी मावशींना स्पष्ट सांगितलं. त्यावर पांढऱ्या टाइलचे तुकडे लावून घ्यायचे आणि खोल्यांची उंची वाढवायची, एवढं त्यांनी माझं ऐकायचं असं ठरलं.

त्यांना उतरत्या स्लॅबची युक्ती समजावली तेव्हा त्या हसायलाच लागल्या. “म्हंजे कवेलूले स्लॅबचं अस्तर!” मिलिंदही हसला. त्याचे कवेलू वाचले होते.

एक बोच मात्र मला दर अशा घराच्या वेळी लागते, ती इथेही लागली. देशी कवेलू करणारे कुंभार आता शोधून सापडत नाहीत. त्यामुळे आम्ही जुने आणतो. म्हणजे मी गावासारखं एक घर उभं करायचं म्हटलं की कुठेतरी गावातलं एक खरं घर पडलेलं असावं लागतं. कवेलूंची ट्रॉली साइटवर आली की मी त्यातला एखादा उचलून पाहते. कुंभाराच्या बोटांचे ठसे असतात त्यावर.

काम सुरू झालं आणि उन्हाळ्यात सपाट स्लॅबचा दिवस आला. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लॅब टाकणं म्हणजे घराच्या बांधकामातलं लग्न. खाली पाट्यांचा आणि बल्ल्यांच्या टेकूंचा साचा, वर सळयांची जाळी, आणि त्यावर एका दमात काँक्रीट ओतायचं. मध्ये थांबायची सोय नाही. अर्ध्यावर थांबलात की ओतलेलं घट्ट होतं, नंतरचं त्याला धरत नाही आणि त्या जोडातून घर पुढे जन्मभर गळतं.

आमचा ठेकेदार रज्जाकभाई. माणूस चोख, पण दिवस तेंदूपत्त्याचे होते. पहाटे उठून अख्खी गावं विडीची पानं तोडायला जंगलात जातात, मजूर मिळता मिळत नाही. तरी त्याने कसेबसे थोडे लोक आणले आणि माल वर चढवायला मशीनची लिफ्ट. दुपारपर्यंत काम झकास चाललं. अर्धा स्लॅब झाला आणि लिफ्टचा दोर तुटला.

“मॅडम, तार ही गया,” रज्जाकभाई डोक्याला हात लावून म्हणाला. “गोंदिया से आते आते शाम हो जाएगी.”

“आणि हाताने?”

“इतने आदमी में? नहीं होगा मॅडम.”

मिलिंदचा चेहरा उतरला. मी वर ओतलेल्या काँक्रीटकडे पाहत होते. मेच्या उन्हात ते डोळ्यांदेखत सुकत होतं. त्या घरातला तोच एक भाग गळका निघणार, ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं, असं मनात आलं.

अनुसयाबाई मागे चुलीपाशी होत्या. त्या आल्या, तुटलेला दोर पाहिला, वर पाहिलं आणि पदर खोचून तडक रस्त्याला लागल्या. मला वाटलं, रडू आलं म्हणून गेल्या. थोड्या वेळाने गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. पुढे अनुसयाबाई आणि मागे बायांची रांग. तेंदूपत्ता तोडून, आंघोळी करून नुकत्याच टेकलेल्या बाया होत्या त्या. कोणी ओले केस तसेच बांधलेले, कोणाच्या कडेवर नातू. गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतल्या होत्या, तशा गावठाणातल्याही होत्या. सगळ्यांत पुढे कौतिकाबाई. ही गावठाणातली, अनुसयाबाईंच्याच वयाची, आणि गोंदियाच्या चौकात कितीतरी वर्षं त्यांच्या बरोबरीने उभी राहिलेली.

“अवो, एवढासा तं स्लॅब हाय,” कौतिकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “एवढ्यासाठी मशीन कायले लागते?”

जिना आधीच ओतून झालेला होता. बाया भराभर पायऱ्यांवर उभ्या राहिल्या, प्रत्येक पायरीवर एक. खालून घमेलं निघालं की हातोहात वर. रिकामं खाली. तोंडं एकीकडे सुरूच. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या जावयाचं, सगळं त्या जिन्यावर चढत-उतरत होतं. मिलिंद मिक्सरपाशी घमेली भरू लागला. दवाखान्याची पाळी संपवून आलेली प्रज्ञा तशीच पांढऱ्या कपड्यांत रांगेत शिरली. मी छत्री मिटवली आणि मधली एक पायरी धरली.

“मॅडम, कंबर सांभाळा,” वरची बाई म्हणाली आणि सगळा जिना हसला.

मिलिंदने आईला सावलीत बसायला सांगून पाहिलं. “मी नाई बसत,” एवढंच म्हणून त्या सगळ्यांत खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पहिलं घमेलं त्यांच्याच हातातून वर जात होतं.

ऊन कललं तेव्हा रज्जाकभाईने वरून हात हलवला. “हो गया! एकदम मक्खन!” बाया जिथे होत्या तिथेच पायऱ्यांवर बसल्या.

स्लॅब पडला की घरवाल्याने कामावरच्या सगळ्यांना जेवू घालायचं, ही आमच्याकडे रीतच आहे. मागे चुलीवर भात आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा तयार होता. पण माणसं वाढली होती, म्हणून भाताचा दुसरा गंज, मोठं पातेलं, चुलीवर चढला. पानं मांडली ती अंगणात आणि छपरीच्या त्या पायऱ्यांवर. अनुसयाबाई हातात पळी घेऊन उभ्या राहिल्या आणि कौतिकाबाईपाशी येऊन थबकल्या.

मला ते थबकणं कळलं नाही. शेजारी बसलेल्या प्रज्ञाने हळू आवाजात सांगितलं. गोंदियात कामावर या दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. गावात मात्र कौतिकाबाई आजवर यांच्या घरी कधी पानावर बसली नव्हती. तशी पद्धतच नव्हती.

कौतिकाबाईने मान वर केली. “वाढ ना वो! का मुहूर्त पाहून रायली? भूक लागली हाय मले.”

अनुसयाबाईंनी वाढलं. रस्सा पानाबाहेर गेला, इतकं वाढलं.

स्लॅब ओतला की पुढचे दिवस त्याला पाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर तो कच्चा राहतो आणि तडकतो. त्यासाठी वर मातीचे छोटे बांध घालून चौकोन पाडतात आणि त्यात पाणी भरून ठेवतात. हे काम बहुतेक ठिकाणी हलगर्जीने होतं, म्हणून मी दोन-तीन दिवसांनी न कळवता पाहायला गेले. घरात कोणी नव्हतं. मागच्या बाजूने पाण्याचा आवाज येत होता.

जिन्याच्या वरच्या पायरीशी पोहोचले आणि पाहतच राहिले. बांध कसे, तर धानाच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, घालतात तसे, चोपून, गुळगुळीत, कोपऱ्याला पाणी सोडायला वाट ठेवलेली. अख्खा स्लॅब पाण्याने भरून चमकत होता आणि मधोमध अनुसयाबाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात पाण्याचा पाइप. कालव्यापलीकडची शेतं, तलावाची पाळ, लांबच्या टेकड्यांची निळी रेघ, सगळं तिथून दिसत होतं. वारा मस्त लागत होता.

“मावशी, छान भरलंय पाणी,” मी म्हणाले आणि पुढे पाऊल टाकणार, तोच त्यांनी पाइप तसाच माझ्या दिशेने उचलला.

“थांबा जी! चप्पल तेथीच काढा.” आणि मग हसून म्हणाल्या, “स्लॅब माहा हाय.”

मी चपला पायरीवर काढल्या, साडी वर धरली आणि पाण्यात पाय टाकला.